शंखपट्टीचा उतार

दिगंबर पांचाळला बायकोचा आवाज ओळखू येत नाही, हे आधी त्याला कळलं आणि मग, फार उशिरा, तिला. तुम्ही म्हणाल, कान गेलेल्या माणसाचं त्यात नवल ते काय? पण गंमत अशी, की कान गेले होते तेव्हा त्याला तिचं सगळं कळत होतं. कान परत आले आणि घोटाळा झाला.

मिरजेच्या तंतुवाद्यांच्या गल्लीत दिगंबर तंबोऱ्यांची जवारी काढायचा. तंबोऱ्याच्या तारा ज्या चपट्या घोडीवरून जातात, तिचा माथा अगदी किंचित फुगीर असतो. तार त्या फुगीरपणावर हलकेच घासत थरथरली, की एका सुरातून आणखी बारीक बारीक सूर उमलतात आणि तंबोरा बोलायला लागतो. त्या बोलण्याला जवारी म्हणतात. फुगीरपणा केसभर चुकला तरी तंबोरा नुसता टणटण करतो. म्हणून कानशीचा हलका हात फिरवायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस. मोबाइलमधला तंबोरा केव्हाच आला होता. त्याला ना भोपळा लागे ना कारागीर. तरी ज्या गाणाऱ्यांना खरा तंबोरा हवा असायचा, त्यांचं दिगंबरवाचून पान हलायचं नाही.

पुढच्या खोलीत कारखाना, मागे घर. मागून उज्ज्वलाचं बोलणं चालू असायचं. ती बालवाडीत शिकवायची, आणि दिवसभर पोरांशी बोलूनही तिचं बोलणं काही संपायचं नाही. घोगरा, खालच्या पट्टीतला आवाज. वाक्याची सुरुवात ठसक्यात आणि शेवट अर्धा गिळलेला. "काय म्हणतेय आज माझी सवत?" असं विचारत ती चहा घेऊन यायची. सवत म्हणजे मांडीवरचा तंबोरा. दिगंबर म्हणायचा, "तुझ्यापेक्षा गोड बोलते." मग ती म्हणायची, "तिला भाकऱ्या थापायला सांगा की मग," आणि चहा जरा आपटूनच ठेवायची. असा त्यांचा संसार होता. चांगला होता हो.

मग त्याला तो ताप आला. ताप उतरला, पण कान घेऊन गेला. डाव्या कानाची नसच कामातून गेली. उजव्या कानाची नस शाबूत होती, पण आतली ऐकण्याची यंत्रणा पार जळाली. पंचावन्नाव्या वर्षी माणूस ठार बहिरा झाला. तंबोरा मांडीवर घ्यायचा, तार छेडायची, भोपळ्याचा थरथराट पोटाला लागायचा, आणि बाकी काही नाही. पोराच्या अंगावर हात फिरवावा तसा तो घोडीवरून बोट फिरवत बसायचा. उज्ज्वलाला ते बघवायचं नाही.

तिने त्या दिवसांत त्याला सांभाळलं. समोर बसून, तोंड नीट उघडून, हातवारे करून ती त्याच्याशी बोलायची, आणि त्याला ओठांवरून, भुवयांवरून, खांद्यांवरून सगळं समजायचं. ती थट्टा करतेय की चिडलीय, हे तर पाठमोरी असली तरी कळायचं. पण कानस भिंतीला टांगलेली होती आणि ती दिसली की तो तोंड फिरवायचा.

अशा वेळी तस्नीम आली. शेजारच्या बारगिरांची मुलगी. तिच्या घरात पिढ्यान् पिढ्या तंबोऱ्याचे भोपळे घडवायचं काम, पण ही शिकली आणि पुण्यात एका संशोधन संस्थेत कंपनांच्या शास्त्रात रमली. ती एक पाटी घेऊन दिगंबरसमोर बसली. बोलेल ते पाटीवर उमटायचं आणि त्याला वाचता यायचं.

"दिगूकाका, कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखी एक नळी असते," ती म्हणाली. "तिच्यात एक पट्टी गुंडाळलेली असते. एका टोकाला अरुंद आणि ताठ, दुसऱ्या टोकाला रुंद आणि ढिली. बारीक सूर आला की ताठ टोक थरथरतं, खर्ज आला की ढिलं टोक. मधल्या प्रत्येक जागेचा आपापला सूर ठरलेला. तुमची ती पट्टी गेलीय. आम्ही तशी करायला शिकलोय."

"तशी म्हणजे कशी?" दिगंबर म्हणाला. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तो ओरडूनच बोलायचा.

"एका टोकाला चिनीमातीसारखी कडक, दुसऱ्या टोकाला रबरासारखी मऊ. आणि मधे कुठेही जोड नाही. कणाकणाने पदार्थ बदलत जातो. जोड दिला की कंप तिथे अडतो, मागे फिरतो आणि आवाजात खडखड येते. ही पट्टी आम्ही शंखासारखी वळवतो आणि जेलीच्या गादीवर बसवतो. गादी म्हणजे काय, तर पट्टीच्या प्रत्येक बिंदूखाली एक बारीक स्प्रिंग आहे असं समजा. पट्टी थरथरली की तिच्यावरचे स्फटिक वीज सोडतात, आणि ती नसेला पोचते."

उज्ज्वला पदराला हात पुसत दारात उभी होती. तिने विचारलं, "एवढं सोपं होतं तर इतकी वर्षं कुणी का नाही केलं गं?"

तस्नीम हसली. "सोपं कुठलं, काकू! पट्टी सरळ असती तर गणित सोपं होतं. वळवली की तिचं वाकणं आणि ताणणं एकमेकांत अडकतं. त्यात पदार्थ जागोजागी वेगळा, वळण जागोजागी वेगळं, खाली गादी. एवढं सगळं एकदम हलत असताना कुठला बिंदू कुठल्या सुराला जागा होईल, हे काढण्यात माझी ऐन उमेदीची वर्षं गेली. अब्बा तर म्हणायचे, ही पोर लग्न करायचं विसरली."

आता खरी मेख पुढे होती. शंख एवढासा. पट्टी त्याच्याहून लांब करता येत नाही. कडकपणाकडून मऊपणाकडे जाणारा उतार जिथे संथ ठेवाल, तिथल्या सुरांना ऐसपैस जागा मिळते आणि ते वेगवेगळे, स्वच्छ ऐकू येतात. जिथे उतार तीव्र कराल, तिथे सूर दाटीवाटीने बसतात आणि एकमेकांत मिसळतात. कापड तेवढंच, अंगरखा ऐसपैस केला तर बाह्या आखूड होणार. तस्नीमने आजवर ज्या लोकांना शंखपट्टी बसवली होती, त्या सगळ्यांची जास्तीत जास्त लांबी माणसांच्या आवाजाला दिली होती.

"माझी जवारीला द्यायची," दिगंबर म्हणाला.

तस्नीमला वाटलं त्याला नीट समजलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. जवारीचे बारीक सूर खूप वर असतात. लांबी तिकडे दिली तर माणसांच्या आवाजाची दाटी होईल. शब्द कळतील, कारण च, स, ट ही अक्षरं बारीक सुरांवर चालतात. पण आवाजातला माणूस कळणार नाही. कोण बोलतंय, हसून बोलतंय की रडून, ते खालच्या सुरांत असतं.

"शब्द कळतात ना? बास झालं. उज्ज्वला काय म्हणते ते मला तिच्या तोंडाकडे बघून कळतं. तंबोऱ्याला कुठे तोंड आहे?"

"काका, काकूंना विचारा एकदा."

"तिला काय विचारायचं? कान माझा आहे."

हे तो बोलला तेव्हा उज्ज्वला दूध बघायला आत गेली होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, पुण्याला जायला पिशवी भरता भरता, तिने त्याच्यासमोर बसून, ओठ सावकाश हलवत विचारलं, "माझा आवाज येईल ना हो?"

"येईल की," दिगंबर म्हणाला.

तिला इतका आनंद झाला, की तिने पिशवीत कोंबलेली चादर पुन्हा काढून नव्याने घडी केली. त्या वेळी एक शब्द खरा बोलला असता हा गृहस्थ, तर ती रुसली असती, भांडली असती, आणि कोण जाणे, शेवटी स्वतःच म्हणाली असती की घ्या जवारी. पण नाही. तिला विचारलं तर ती नाही म्हणेल, या भीतीने त्याने विचारलंच नाही.

कान चालू केला तो दिवस कारखान्यात सणासारखा झाला. दिगंबरने तंबोरा मांडीवर घेतला, मधल्या, जोडाच्या तारेवरून बोट फिरवलं, आणि त्याचे डोळे भरून आले. ताप यायच्या आधीही त्याने इतकं बारीक कधी ऐकलं नव्हतं. एकेक सूर सुटा सुटा, घोडीवर कुठल्या जागी कानस मारायला हवी ते जणू बोट ठेवून सांगणारा. "अरे बापरे!" तो म्हणत राहिला. "अरे बापरे!" तस्नीमही रडली. तिच्यासाठी ते सगळं गणित पहिल्यांदा सुरात आलं होतं.

मग उज्ज्वला पुढे झाली. नवी साडी नेसली होती. म्हणाली, "मी बोलतेय. आला का आवाज?"

प्रत्येक शब्द स्वच्छ आला. पण मिरज स्टेशनवर गाडीची घोषणा करणारी बाई असते ना, तसा. तस्नीम बोलली तीही तशीच. दारातला वाणी बोलला तोही तसाच.

"आला, आला!" दिगंबर म्हणाला. "तसाच आहे गं तुझा आवाज."

दुसरं खोटं.

त्यानंतर त्याचं नाव असं काही झालं की विचारू नका. धारवाड, पुणे, कोलकाता, कुठून कुठून तंबोरे यायला लागले. ज्या जवारीला पूर्वी दिवस लागायचा ती तो एका बैठकीत काढायचा. गाणारे त्याच्या पाया पडायचे. तो सकाळी कारखान्यात बसला की जेवायलाच उठायचा, आणि जेवतानाही त्याचं अर्धं लक्ष कानात घुमणाऱ्या त्या बारीक सुरांकडे असायचं. आता कान आहेत म्हटल्यावर उज्ज्वलाही पूर्वीसारखी आतूनच बोलायला लागली होती. समोर येऊन, तोंड दाखवून बोलायची गरज काय? आणि तिथेच सगळं फसलं.

एकदा ती आतून म्हणाली, "राहा तुम्ही माझ्या सवतीपाशी. मी चालले इचलकरंजीला दादाकडे, कायमची."

पूर्वीचा दिगंबर म्हणाला असता, "जाताना भाकऱ्या थापून जा." आणि ती हसली असती. पण आता त्याला फक्त शब्द ऐकू आले. त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "बरं. कधीची गाडी आहे? पोचलीस की फोन कर."

थोड्या वेळाने ती बाहेर येऊन त्याच्याकडे बघत राहिली. त्याचं डोकं तंबोऱ्यावर वाकलेलं होतं, त्यामुळे तिचा चेहरा काही त्याला दिसला नाही.

असं पुन्हा पुन्हा झालं. ती खोचक बोलायची, तो सरळ उत्तर द्यायचा. ती लाडात काही म्हणायची, तो म्हणायचा, "काय काम आहे?" ती एकदा खरंच चिडून म्हणाली, "छान, फारच छान वागता तुम्ही," तर त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "हो ना?" शेजारच्या बायकांना वाटलं, नाव झालं तसा माणूस फुगला. उज्ज्वलालाही तेच वाटलं. वाटणारच. कान आलाय, आवाज तसाच ऐकू येतो, असं त्यानेच तर सांगितलं होतं. मग दुसरं कारण ती कुठलं शोधणार?

आणि मग ती दुपार.

धारवाडचे एक गायक समोर बसले होते. संध्याकाळी त्यांचं गाणं होतं आणि तंबोऱ्याची जवारी निघता निघत नव्हती. दिगंबरने घोडी कितीदा तरी काढली आणि बसवली होती. आता कुठे सूर फुटायला लागले होते. तेवढ्यात आतून उज्ज्वलाची हाक आली.

"जरा येता का हो?"

रोजचेच शब्द. डब्याचं झाकण निघालं नाही, माळ्यावरून पातेलं काढायचं असलं की ती असंच म्हणायची. दिगंबर म्हणाला, "आलो, आलो." आणि कानस फिरवली.

थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला. "या ना हो."

"आलोच गं, एवढं होऊ दे."

समोर बसलेल्या गायकांनी मान वर केली. ते म्हणाले, "पांचाळ, आधी आत जाऊन या." दिगंबर म्हणाला, "अहो, काही नाही, झाकण बिकण असेल." पण गायकांना बसवेना. तंबोरा तसाच घेऊन ते उठले आणि पैसे ठेवून निघून गेले. दिगंबरला त्यांच्या घाईचा रागच आला. मग सामान आवरून, हात धुऊन तो आत गेला.

उज्ज्वला ओट्याला पाठ टेकून जमिनीवर बसली होती. मांडीत फोन. डोळे सुजलेले. तिचा विश्वासदादा, इचलकरंजीचा, दुकानात बसल्या बसल्या गेला होता. आईबापामागे तिला वाढवणारा तोच. बातमी ऐकून तिला तिथून उठवत नव्हतं, म्हणून तिने नवऱ्याला हाक मारली होती. ज्या आवाजात मारली होती तो ऐकून एक परका गाणारा माणूस बसल्या जागेवरून उठला होता.

दिगंबर तिच्याजवळ मटकन खाली बसला. "मला कळलं नाही गं," तो म्हणाला. "खरंच कळलं नाही. तुझा आवाज... मला शब्दच ऐकू येतात. पहिल्या दिवसापासून."

त्याने सगळं सांगितलं. लांबी कुठे दिली, का दिली, तस्नीम काय म्हणाली होती. उज्ज्वलाने ऐकून घेतलं. ती ओरडली नाही. तिने एवढंच विचारलं, "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"मी विचारलं तेव्हाही?"

त्याने मान खाली घातली. तिने ओट्याला धरून स्वतःच स्वतःला उठवलं आणि इचलकरंजीला जायची पिशवी भरायला घेतली. तो मदतीला पुढे झाला, तशी तिने हातानेच नको म्हटलं.

दादाचे दिवस पार पडल्यावर ती परत आली. स्वयंपाक केला, बालवाडीत जाऊ लागली, त्याच्या शर्टाची बटणं लावली. कशात म्हणजे कशात कमी केलं नाही. फक्त त्याच्याशी बोलणं सोडलं. जेवण झालं की दारात येऊन टाळी वाजवायची. चहा हवा का, तर हाताने पेला दाखवायची. बाहेर जायचं असलं की फोनवर संदेश. हा अबोला नव्हता बरं का. अबोल्यात राग असतो आणि राग कधीतरी उतरतो. तिने मनाशी हिशोब मिटवून टाकला होता, की या माणसाला आवाजाचा उपयोग नाही, मग तो कशाला खर्चायचा. दिगंबरला आधी हायसंच वाटलं, कारण खुणा त्याला नीट कळत होत्या. पुढे पुढे मात्र सकाळी जवारी काढताना बारीक सूर फुटले, की त्याला त्यांच्याखाली कुठेतरी ती घोगरी हाक असायला हवी होती असं वाटायचं. तो कान लावायचा. खाली नुसती दाटी होती.

अशी काही वर्षं गेली. ती वर्षं कशात गेली, हे त्याला सांगता यायचं नाही.

शेवटी तो एकटाच पुण्याला तस्नीमकडे गेला. तिचे केस पांढरे व्हायला लागले होते. तिने त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"काका, पट्टी काढता येत नाही. नस तिच्याभोवती वाढलीय, पट्टी काढली तर नसही जाईल."

"मग?"

"गादी बदलता येईल. पट्टी इतकी पातळ आहे, की तिचा बहुतेक ताठपणा खालच्या गादीचाच आहे. गादी मऊ केली की सगळी पट्टी खालच्या सुरांकडे सरकते. तिचा जो संथ उतार आज जवारी ऐकतो, तोच मग माणसाचा आवाज ऐकेल. एका बारीक सुईने औषध सोडायचं. जेलीतले दुवे तुटतात."

"आणि जवारी?"

"ती पट्टीच्या टोकाबाहेर जाईल. च, स जरा बोथट होतील पण शब्द कळतील, जवारी मात्र ऐकूच येणार नाही. आणि तुटलेले दुवे पुन्हा जुळत नाहीत, काका. हे एकदाच. मागच्या वेळी मी अडून बसायला हवं होतं. मला माझं गणित सुरात आलेलं बघायची घाई झाली होती. या वेळी तरी काकूंना विचारा."

"तिला सांगायचंच नाही," दिगंबर म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा उजळला. "एकदम घरी जाणार आणि म्हणणार, बोल!"

बघा आता. माणूस जन्मभराचं शिकला म्हणावं तर तेही नाही. तस्नीमने हात टेकले.

औषध मुरायला दोन दिवस लागले. सुटी झाल्यावर दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्याला पहिल्यांदा माणसं ऐकू आली. रिक्षावाल्याचा वैताग, एका म्हातारीचा सुनेशी बोलतानाचा लाडिक सूर, फोनवर खोटं बोलणारा कुणी तरुण. सगळं सुटं, सगळं उघडं. गाडीत तो डोळे मिटून नुसता माणसं ऐकत बसला. मिरज स्टेशनवर घोषणा झाली तेव्हा त्याला हसू आलं. ती बाई खरंच कंटाळलेली होती.

घरी पोचला तेव्हा दार उघडंच होतं. कारखान्यातून मागे जाताना त्याने सवयीने वाटेतल्या तंबोऱ्याची तार छेडली. टणक्. एखाद्या लाकडी खोक्यावर टिचकी मारावी तसा आवाज आला आणि विझला. त्याला ठाऊक होतं, तरी पाय क्षणभर जागचा हलेना.

मग त्याने तिला ऐकलं. उज्ज्वला आत फोनवर बोलत होती. भावजयीशी.

"अगं वहिनी, तो पोरगा काय म्हणतो ठाऊक आहे? बाई, तुमचं नाक माझ्या आजीसारखं आहे! आता बोल!" आणि ती हसली. तोच घोगरा आवाज, सुरुवात ठसक्याची, शेवट अर्धा गिळलेला. थोडा थकलेला, वयाने जरा खरखरीत झालेला, पण तीच. दिगंबर भिंतीला धरून उभा राहिला आणि लहान मुलासारखा रडला. ती भाजीवाल्याची नक्कल करत होती. मग दादाचा विषय निघाला, तशी सावकाश बोलायला लागली. प्रत्येक वळण त्याला कळत होतं. इतकी वर्षं हे घरात होतं, एका भिंतीपलीकडे, आणि त्याला मिळत नव्हतं.

फोन ठेवल्यावर तो आत गेला. तिने वर बघितलं, आणि हाताने पेला दाखवला. चहा?

"हाताने नको," तो म्हणाला. "बोल."

ती गोंधळली. "काय बोलू?"

"काहीही बोल. मला ऐकू येतंय आता, उज्ज्वला. तू. तूच ऐकू येतेयस."

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. मग खुर्ची पुढे ओढून ती बसली आणि बोलली. दूध संपत आलंय. गॅसवाला उद्या येणार आहे. तस्नीमच्या घरून डबा आला होता, तो परत द्यायचाय. छताला पुन्हा ओल आलीय, कुणाला तरी दाखवायला हवी.

दिगंबर ऐकत होता. शब्द सरळ होते, आवाज नीट होता. बँकेत खिडकीपलीकडच्या माणसाशी आपण बोलतो ना, नम्रपणे, अंतर राखून, तसा. भावजयीशी बोलताना जे काही त्यात होतं, ते त्याच्या वाट्याला येताना कुठेतरी गळून पडलं होतं. त्याने वाट बघितली. खोचक काहीतरी येईल. सवत येईल. निदान राग येईल.

"जवारी दिली मी," तो न राहवून म्हणाला. "गादी मऊ करून घेतली. जवारी आता ऐकू येत नाही. तुझ्यासाठी केलं."

तिने विचारलं, "सगळी गेली?"

"सगळी."

"आणि मला विचारलं नाहीत."

त्या वाक्यात राग असता तर त्याने तो पोटभर ऐकला असता. रडू असतं तर या वेळी तो तिच्या आधी रडला असता. पण त्यात फक्त थकवा होता, आणि थोडी दया. एवढं बारीक ऐकण्याची सोय त्याने स्वतःच करून घेतली होती.

"मी दुपारची शाळेतून यायची ना," ती म्हणाली, "तेव्हा दारात उभी राहून ऐकायची. तुम्ही जवारी काढत असायचात. या घरात मला तेवढंच उरलं होतं." तिने खुर्ची मागे सारली. "असू दे. तुम्हाला बरं वाटावं म्हणून केलंत. बरं केलंत."

"उज्ज्वला, पूर्वीसारखी बोलशील ना?"

"प्रयत्न करीन," ती म्हणाली. ते तिने मनापासून म्हटलं होतं, आणि तिला ते जमणार नाही हे तिला ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी तिच्या आवाजात होत्या. दोन्ही त्याला ऐकू आल्या.

ती ओट्यापाशी गेली आणि चहाचं आधण ठेवलं. पाठमोरी उभी राहून ती काहीतरी बोलायला शोधत होती. एकदा तिने त्यासाठी श्वास घेतला, तोही त्याला ऐकू आला. मग तिने तो तसाच सोडला आणि कप विसळायला घेतले.

दिगंबर बसून राहिला. घर गप्प होतं, आणि आता त्याचा दोष कानावर ढकलता येत नव्हता.